घर सांभाळून आठवड्यात गोधडी

डिसेंबर लागला की आमच्या सासूबाई रोज रात्री एकच तक्रार करतात, "हे ब्लँकेट अंगावर आहे की नाही तेच कळत नाही." ब्लँकेट चांगलं आहे, ऊबदार आहे, पण हलकं आहे. त्यांना अंगावर वजन लागतं. शेवटी गेल्या मार्गशीर्षात मी कपाटातली जुन्या साड्यांची बोचकी काढली आणि एका शुक्रवारी रात्री कामाला लागले. पुढच्या शनिवारी संध्याकाळी गोधडी त्यांच्या अंगावर होती. मधल्या दिवसांत स्वयंपाक, डबे, पाहुणे, गुरुवारची पूजा, काहीही चुकलं नाही. माझ्या हातून झालेली ही सातवी गोधडी. पहिल्या दोन कशा झाल्या ते मधे येईलच.

सुरुवातीलाच सांगते. लोकांना वाटतं गोधडी म्हणजे टाक्यांचं काम. टाका कुणालाही जमतो, माझ्या नवऱ्यालासुद्धा जमला. गोधडी बिघडते ती थर लावताना. तो रविवार नीट गेला तर बाकीचा आठवडा बोलत-बोलत, टीव्ही ऐकत जातो.

किती कापड लागतं

एका माणसाच्या गोधडीचं माप मी ६६ इंच रुंद आणि ८४ इंच लांब धरते. सहावारी साडी म्हणजे १८ फूट. तिचे ६ फुटांचे तीन तुकडे होतात. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच, म्हणजे असे दोन तुकडे कडेला कड लावून ठेवले की ९० इंच लांब आणि ७२ इंच रुंद असा एक पूर्ण थर तयार. चार साड्यांचे बारा तुकडे, बारा तुकड्यांचे सहा थर. नऊवारी असेल तर २७ फुटांत ६ फुटी चार तुकडे निघून वर ३ फूट उरतात, म्हणजे तीन नऊवारी पुरतात. ७२ बाय ९० मधलं थोडं जोडात जातं, थोडं कापण्यात आणि थोडं टाके आत ओढून घेतात. शेवटी हातात येतं ते ६६ बाय ८४.

काठासाठी पाचवी साडी वेगळी काढून ठेवा. ती मधे फाटलेली असली तरी चालते, काठ धड हवेत. गोधडीच्या चारी बाजू मिळून २५ फूट भरतात आणि एका साडीचे दोन काठ ३६ फूट मिळतात.

पुण्याच्या थंडीला सहा थर ठीक. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी चारच घ्यावेत. चार थरांच्या चौघडीवर सुई लोण्यात गेल्यासारखी जाते आणि पहिल्यांदा शिवणाऱ्याचा धीर टिकतो.

शुक्रवार रात्र

साड्या सुतीच हव्यात. आणि जुन्याच हव्यात, हे मी ठासून सांगते. नवं कापड आणून गोधडी शिवू का, असं मला बरेच जण विचारतात. सहा थर कोऱ्या कापडाचे झाले की सुई रडवते, आणि पहिल्या धुण्यात एक थर आटतो, दुसरा आटत नाही, मग सगळं गोळा होतं. दहा-पंधरा वर्षं धुतलेली साडी जेवढी आटायची तेवढी आटून बसलेली असते.

साडी सुती आहे की नाही याची शंका असेल तर कडेचा एक धागा ओढून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि चिमटीत राख होतो. टेरिकॉट किंवा नायलॉन वितळून टोकाला कडक मणी धरतं. ती साडी बाजूला. एक सिंथेटिक थर मधे गेला तर तो आयुष्यभर सरकत राहतो.

मग साडी ट्यूबलाइटसमोर धरा. विरलेली जागा लगेच दिसते. दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणून पाहा. चर्र आवाज आला तर ती साडी मधल्या थरांत जाईल. अजिबात न कुरकुरणाऱ्या दोन साड्या वर-खालच्या थरांसाठी. जरीकाठाची साडी यात घेऊ नका, जर घासली की गळ्याला ओरखडे येतात.

रंगाचं म्हणाल तर, मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो यावर माझा विश्वास नाही. ओला पांढरा रुमाल साडीवर जोरात घासायचा. रुमाल लाल-निळा झाला की ती साडी गोधडीत येणार नाही, तिच्याबद्दल कितीही माया असली तरी. माझ्या आजीच्या एका खणाच्या चोळीचे तुकडे मी हौसेने वर लावले होते. पहिल्या धुण्यात त्या खणाने सगळी गोधडी गुलाबी केली.

निवडलेल्या साड्या रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालायच्या. जुन्या साड्यांत खळ मुरलेली असते. ती तशीच आत राहिली तर तिच्या वासाने झुरळं येतात आणि कसर लागते.

शनिवार

सकाळी साड्या धुऊन कडक उन्हात टाकायच्या. आमच्याकडे गुरुवारी पाणी नसतं, म्हणून हा मुहूर्त शनिवारचा. शहाण्या माणसाने गोधडीचं वेळापत्रक नळाकडे बघूनच ठरवावं.

दुपारी फॉल उसवायचे. हे काम सासूबाईंनी केलं. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही आता, पण उसवायला त्यांच्याएवढी चिकाटी घरात कुणाची नाही. संध्याकाळी मी बाजारात गेले. यादी लहान आहे: गोधडीचा जाड सुती दोरा (दुकानात याच नावाने मागायचा), गोधडीच्या लांब सुया, अंगुस्तान म्हणजे मधल्या बोटात घालायचं धातूचं टोपण, मेणाचा तुकडा, शिंप्याचा खडू. दाभण देतील, घेऊ नका. दाभण पोत्यासाठी, साडीला भोकं पाडतं.

सुया मोजून दोन घ्यायच्या आणि आठवडाभर त्या दोनच वापरायच्या. रोज रात्री दोन्ही डबीत गेल्या की झोपायचं. सुई गोधडीत हरवली तर ती शेवटी कुणाच्या तरी पाठीला सापडते. फ्रिजवरचं एक लोहचुंबक मी शिवणाच्या डब्यात टाकून ठेवलंय, उठताना ते जागेवरून फिरवते.

रविवार

आता मुख्य काम. सकाळी नाश्ता उरकला की हॉलमधला सोफा भिंतीला, टीपॉय बाल्कनीत, फरशी दोनदा पुसून कोरडी. घरातल्यांना आधी सांगून ठेवा की दुपारी तीनपर्यंत इथून कुणी चालायचं नाही. आमच्याकडे यावर रीतसर भांडण झालं, कारण मॅच होती.

साडी कात्रीने कापत बसू नका. ६ फूट मोजून काठाला एक कात्रा द्या आणि आडवी फाडा. सुती कापड आडव्या धाग्यावर सरळ फाटतं, कात्री मात्र वाकडी जाते. फार विरलेली साडी असेल तरच कात्री.

वरचा आणि खालचा थर, म्हणजे दोन्ही चांगल्या साड्यांचे तुकडे, मशीनवर जोडून घ्यायचे. मशीन नसेल तर हाताने बारीक टाके घाला. मधल्या चार थरांना जोडायची गरज नाही, दोन तुकडे इंच-दीड इंच एकमेकांवर चढवून ठेवले की पुरे. फक्त सगळ्या थरांचे जोड एकाखाली एक येऊ देऊ नका. एक जोड मध्यावर, दुसरा दोन बोटं वर, तिसरा दोन बोटं खाली असं सरकवत जा. सगळे एका रेषेत आले तर मधोमध दोरीसारखा उंचवटा होतो आणि झोपणाऱ्याच्या कंबरेला तोच लागतो.

खालचा थर उलटा अंथरायचा, चांगली बाजू फरशीकडे. घरात मोठ्या चौकोनी टाइल असतील तर त्यांच्या रेघा हाच तुमचा गुण्या, काटकोन बघायचं साधन. कापडाची एक कड रेघेला लावून चारी बाजूंना चिकटपट्टीने फरशीला चिकटवा, ताणून नव्हे, सुरकुती जाईल इतपतच. त्यावर मधले चार थर एकेक करून. प्रत्येक थर टाकल्यावर गुडघ्यावर बसून तळहात मध्यापासून कडेकडे फिरवायचा. भाकरी थापताना हात जसा मधून बाहेर जातो तसा. हाताला बारीक घडी लागली तर तिथेच सोडवा, वर दुसरा थर पडला की ती कायमची. सगळ्यात वर दुसरी चांगली साडी, सुलटी.

मग कच्चे टाके. कुठलाही साधा दोरा चालेल, फक्त रंग असा घ्या की उठून दिसेल, कारण नंतर तो उसवायचा आहे. मध्यावर सुरुवात करून आधी वर, मग खाली, मग डावीकडे, उजवीकडे आणि शेवटी चारी कोपऱ्यांकडे असे टाके घालायचे. टाका चार बोटांचा असला तरी चालतो. या आठ ओळींच्या मधे वीतभर अंतर ठेवून अजून ओळी भरा. कंटाळा येतो, पाठ भरून येते, पण इथे घाई केली की पुढे प्रत्येक रात्री पस्तावायची पाळी येते. मला सकाळी दहापासून दुपारी साडेतीन वाजले, मधे वरण-भाताची सुट्टी धरून.

माझ्या पहिल्या गोधडीला मी कच्चे टाके घातलेच नव्हते. टाचण्या लावल्या होत्या. टाचण्या गळाल्या, वरचा थर पुढे सरकला, आणि मधे असं पोट आलं की धाकट्याने त्याला डोंगर नाव ठेवलं.

रेघा कशा माराव्यात

चिकटपट्टी काढायच्या आधी हे करून घ्या. जाड दोरा खडूच्या पुडीत घोळवायचा, दोन माणसांनी दोन टोकं लांबीच्या दिशेने ताणून धरायची आणि मधे चिमटीने उचलून सोडायचा. सुतार लाकडावर सूत मारतो तेच. पहिली रेघ बरोबर मध्यावर, मग दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचावर. दीड इंच म्हणजे माझी दोन बोटं.

अशा साधारण ४४ रेघा होतात, प्रत्येकी ७ फूट. एकूण ३०८ फूट धावदोरा. माझा वेग तासाला २५ ते ३० फूट, म्हणजे ११-१२ तासांचं काम. हा हिशोब आधीच केलेला बरा, नाहीतर बुधवारपर्यंत गोधडी पलंगाखाली जाते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत निघते.

पूर्वापार रीत वेगळी आहे. बाहेरच्या कडेने सुरुवात करून गोल-गोल चौकोनात आत जायचं आणि मध्यावर संपवायचं. माझ्या माहेरी कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि आई वाकळ तशीच शिवायची. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, हीही अशीच बाहेरून आत येते. दिसायला ती फार देखणी. पण सुई दर टाक्याला वरचं कापड किंचित पुढे ढकलते, आणि ते सगळं ढकललेलं कापड शेवटी मध्यावर जमा होतं. त्या बायकांचा डावा हात खालून ते सांभाळून घेतो. आपला हात तेवढा तयार होईपर्यंत मध्यापासून बाहेर जाणाऱ्या सरळ रेघाच बऱ्या. उरलेलं कापड कडेला निघून जातं आणि तिथे कापून टाकता येतं.

सोमवार आणि मंगळवार

डबे गेले, भांडी झाली की साडेअकरा ते एक, आणि रात्री जेवणं उरकल्यावर तासभर. मंगळवारी थोडं जास्त.

जमिनीवर बसायचं, एक गुडघा उभा, त्यावर गोधडीची चालू रेघ. डावा हात खाली, उजव्या हातात सुई. दोरा हातभरच घ्या. सासूबाई म्हणतात, "लांब दोरा घेते ती अर्धा वेळ गुंता सोडवते." दोरा मेणावरून दोनदा ओढला की पीळ कमी पडतो. गाठ मारून सुई थरांच्या मधून घालायची आणि हलका झटका द्यायचा, गाठ टुप् आवाज करत आत जाते. वर गाठ ठेवू नका.

टाका किती मोठा? गव्हाच्या दाण्याएवढा. सहा थरांत त्याहून बारीक जमत नाही आणि जमवायचा हट्टही नको. सुईवर तीन-चार टाके भरून घ्यायचे, मग अंगुस्तानाने मागून ढकलून सुई काढायची. दर चार टाक्यांनी डाव्या हाताच्या तर्जनीला सुईचं टोक लागलं पाहिजे, तरच टाका खालच्या थरापर्यंत पोचला असं समजा. ते बोट दोन दिवसांत खडबडीत होतं. काहीजणी तिथे चिकटपट्टी लावतात. मी लावत नाही, मग टोक कळत नाही.

दोरा पूर्ण ओढला की त्या ओळीवरून बोट फिरवून कापड सपाट करा. कापडाला चुण्या पडल्या असतील तर दोरा फार ओढला गेलाय. आत्ताच सैल करा.

आणि दर अर्ध्या तासाने उठून गोधडी झटका. यामागे अनुभव आहे. माझी दुसरी गोधडी मी रात्री साडेअकरापर्यंत शिवत बसले होते, उठायला गेले तर गोधडी माझ्याबरोबर उठली. हातभर रेघ गाऊनसकट शिवली होती.

मंगळवार रात्रीपर्यंत २० रेघा झाल्या. मधला भाग पक्का झाला की पोट येण्याची भीती संपते.

बुधवार, गुरुवार

बुधवारी नणंदबाई आल्या. त्यांनी अर्धी ओळ घातली, टाके तिरके गेले, मी काही बोलले नाही. रात्री उसवून पुन्हा घातली. तेवढंच झालं, दोन ओळी.

गुरुवारी पूजा, नैवेद्य, संध्याकाळी शेजारच्या बायका. दुपारी तासभर मिळाला. असे दिवस आठवड्यात येणारच, म्हणून १२ तासांचं काम सहा दिवसांत सारखं वाटू नये. सोमवार-मंगळवारी जास्त उरकून घ्यावं.

वेळ कमी असेल तेव्हा गोधडी पसरायच्या भानगडीत पडू नका. त्याऐवजी काठ काढून घ्या. पाचव्या साडीचे अडीच-तीन इंची काठ सरळ कापायचे, एकाला एक जोडून २६ फुटांची पट्टी करायची, मधोमध दुमडून इस्त्री फिरवायची. हे स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहूनही होतं, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

शुक्रवार

उरलेल्या रेघा. बाहेरच्या रेघा घालताना काम भरभर पुढे जातं, कारण कड हातात असते. सकाळी दीड तास, रात्री दीड तास. नवऱ्यानेही तीन रेघा घातल्या. त्याचे टाके माझ्यापेक्षा सरळ आले, हे त्याने तीन जणांना फोन करून सांगितलं.

शनिवार, शेवट

सकाळी शेवटच्या दोन रेघा, मग कच्चे टाके उसवायचे. गोधडी पुन्हा फरशीवर पसरून टाइलच्या रेघेवर कड धरायची आणि चारी बाजू कापून सरळ करायच्या. माझी एक बाजू दुसरीपेक्षा पाऊण इंच जास्त होती. तेवढं होतंच.

आता गोट. दुमडलेला काठ कडेवर असा बसवायचा की अर्धा वर, अर्धा खाली. वरच्या बाजूने मशीनची टीप मारता आली तर उत्तम, नाहीतर धावदोरा. खालच्या बाजूने हेम घालायची. कोपऱ्यावर पट्टी ओढून गोल वळवू नका, तिथे कड वर उचलते. कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबा, पट्टी पुढच्या बाजूला वळवा, जी तिरकी घडी पडते ती बोटाने दाबा आणि घडीवर चार-पाच टाके घाला. कोपरा टोकदार येतो. सगळ्यात आधी विटतो तो काठच, म्हणून तो पुढे बदलता यावा अशी हेम फार बारीक घालू नका.

उरलेल्या काठाचे आणि कापलेल्या कडांचे मी तीन-तीन थर घेऊन दोन चिमटे-फडकी केली, कढई उतरवायला. बाळाचं दुपटं करायचं तर हीच पद्धत, फक्त माप ३० बाय ३६ इंच, थर तीन, साडी सगळ्यात मऊ, गाठी सगळ्या आत, आणि वर शोभेचं काही टाचायचं नाही. दोन संध्याकाळी पुरतात.

धुण्याबद्दल. घरच्या मशीनमध्ये सहा थरांची गोधडी घालू नका. टबात साबणाच्या पाण्यात तासभर भिजवून पायाने तुडवा. पिळायची नाही, बादलीवर आडवी काठी ठेवून तिच्यावर निथळू द्या. मग दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा, म्हणजे मधून हवा जाते. दुपारी एकदा उलटा. आतला थर ओला राहिला तर कुबट वास येतो आणि तो पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. वर्षातून दोनदा धुतली की बास, नवरात्राआधी आणि होळीनंतर. एरवी ऊन दाखवायचं.

संध्याकाळी सासूबाईंनी गोधडी मांडीवर घेतली, आधी वरची बाजू न बघता उलटी केली आणि खालून बोट फिरवत गेल्या. एका जागी थांबल्या. तीन टाके खालपर्यंत पोचलेच नव्हते. "इथे कोण बसलं होतं?" त्यांनी विचारलं. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने फोन खाली ठेवला, डबीतून सुई काढली आणि दोरा ओवायला माझा चष्मा मागितला.